फी माफी, शिष्यवृत्ती, निर्वाह भत्ता आणि कर्ज: कोणता पैसा कोणत्या खर्चाला

राजापूर तालुक्यातील एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या मुलीला बारावी विज्ञान शाखेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून रत्नागिरी परिसरातील खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळत आहे. यजमान मुंबईत खासगी नोकरी करतात, गावी आंब्याची थोडी कलमे आणि सामाईक जमीन आहे, धाकटा मुलगा आठवीत आहे आणि जातीचा दाखला कुणबी, म्हणजे इतर मागासवर्गाचा आहे. वाडीतील लोक सांगतात की मुलींना आता सगळे मोफत झाले; बँकेतील साहेब सांगतात की शैक्षणिक कर्ज काढून मोकळे व्हा; आणि फॉर्म भरून देणारा दुकानदार सांगतो की आधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज करा, पैसे आपोआप येतील. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे ताईंनी विचारले आहे.

ताई, तिघांचेही बोलणे अर्धे खरे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे. अर्ध्या माहितीवर प्रवेशाच्या दिवशी घाईने निर्णय घेतल्यामुळे कोणी गरज नसलेले कर्ज डोक्यावर घेतले आणि कोणी हक्काची रक्कम सोडून दिली, अशी कुटुंबे तिथे दर वर्षी समोर येत असत. म्हणून योजनांच्या नावांकडे वळण्यापूर्वी खर्चाची फोड करून घ्यावी, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. शिक्षणाचा खर्च ही एक सलग रक्कम नसते. त्यात शिक्षण शुल्क असते. विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत आणि इतर किरकोळ शुल्के असतात. राहण्या-जेवण्याचा खर्च असतो. आणि पुस्तके, लॅपटॉप, प्रवास असा वरचा खर्च असतो. प्रत्येक प्रकारचे साहाय्य यांपैकी एखाद्याच भागासाठी असते. शिवाय बहुतेक शासकीय पैसा खर्च होऊन गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी हातात पडतो. किती पैसे मिळणार हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, परंतु ते केव्हा मिळणार हा प्रश्न आपल्याकडील बहुतेक कुटुंबांसाठी अधिक अवघड ठरतो.

वाडीतील लोक जे सांगतात त्याचे मूळ 8 जुलै 2024 रोजीच्या शासन निर्णयात आहे. त्यानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि इतर मागासवर्ग या तीन प्रवर्गांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपये किंवा त्याहून कमी आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्काचा आणि परीक्षा शुल्काचा 100 टक्के लाभ 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून मिळू लागला. त्याआधी या मुलींना मुलांप्रमाणेच निम्म्या शुल्काचा लाभ मिळत असे. आपली मुलगी या निर्णयात बसते, आणि हे साहाय्य परत करायचे नसते. परंतु निर्णयातील शब्द शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क एवढेच आहेत. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, खानावळ आणि बसभाडे यांचा त्यात समावेश नाही. समजा, महाविद्यालयाचे शिक्षण शुल्क 90,000 रुपये, विकास शुल्क 10,000 रुपये आणि वसतिगृह व खानावळ मिळून 60,000 रुपये आहेत, तर एकूण 1,60,000 रुपयांपैकी माफ होतात ते 90,000 रुपये (परीक्षा शुल्क याहून वेगळे असते आणि तेही माफ होते); उरलेले 70,000 रुपये कुटुंबालाच उभे करायचे असतात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या महाविद्यालयाचे शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्कपत्रक मागून घ्यावे आणि त्यातील प्रत्येक ओळ वेगळी वाचावी. पैसे भरण्याच्या खिडकीवर सांगितलेली एकूण रक्कम पुरेशी मानू नये.

हाच लाभ इतरांना कसा मिळतो, हेही सांगतो, कारण आपल्या शेजारीपाजारी सर्व प्रवर्गांचे विद्यार्थी आहेत आणि एकाचे ऐकून दुसरा फसतो. इतर मागासवर्गातील मुलांना उत्पन्नाच्या मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी निम्मे शुल्क मिळते. विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ते पूर्ण मिळते. खुल्या प्रवर्गातील मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादाही 8 लाख रुपयांचीच आहे आणि ती निम्मे शिक्षण शुल्क देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. पालकांचे उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असल्यास तिच्यात शुल्काबरोबर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास निर्वाह भत्ता मिळत नाही, पण शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती होते, जिला आपण बोलताना फ्रीशिप म्हणतो. अडीच लाखांच्या वर उत्पन्न गेले म्हणून अर्जच न भरणारे पालक मी पाहिले आहेत, म्हणून हा फरक मुद्दाम सांगत आहे.

या बहुतेक योजनांना एक सामाईक अट आहे: प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला शुल्काचा लाभ मिळत नाही. एखाद्या फेरीत मनासारखी शाखा मिळाली नाही म्हणून व्यवस्थापन कोट्यातील जागा घेण्याचा मोह होतो, तेव्हा चार वर्षांच्या शुल्कमाफीचा हिशेब करून मगच निर्णय घ्यावा. ताईंच्या मुलीचा प्रवेश प्रक्रियेतूनच होत आहे, ही चांगली गोष्ट आहे; त्याचे वाटपपत्र जपून ठेवावे, कारण अर्जासोबत तेच जोडावे लागते.

आता वेळेचा मुद्दा, ज्याच्याविषयी मला सर्वांत अधिक सांगायचे आहे. महाडीबीटीवर अर्ज भरला की तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाकडे जातो, तिथून प्राचार्यांकडे, तिथून संबंधित विभागाच्या कार्यालयाकडे, आणि मंजुरीनंतर निधीच्या उपलब्धतेप्रमाणे रक्कम हप्त्यांनी जमा होते. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर त्रुटी निघाली की अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो, आणि विद्यार्थ्याने लॉगिन करून पाहिलेच नाही तर तो तिथेच पडून राहतो. पहिल्या वर्षाची रक्कम दुसऱ्या वर्षात जमा होणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. शासनाने महाविद्यालयांना पात्र विद्यार्थ्यांकडून लाभाइतके शुल्क प्रवेशाच्या वेळी घेऊ नये अशा सूचना वेळोवेळी दिलेल्या आहेत, आणि तरीही काही ठिकाणी संपूर्ण शुल्क मागितले जाते किंवा हमीपत्र लिहून घेतले जाते. असे झाल्यास भांडण न करता, परंतु लेखी अर्ज देऊन, शासन निर्णयाचा दिनांक नमूद करून सवलत मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. तोंडी विनंतीचे उत्तर तोंडीच मिळते. आवक क्रमांक असलेल्या अर्जाचे उत्तर कार्यालयाला द्यावे लागते. शेवटी काही रक्कम भरावीच लागली, तर ती शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परत मिळेल असा उल्लेख पावतीवर किंवा हमीपत्रावर करून घ्यावा.

रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते तेव्हा आणखी एक काळजी घ्यावी लागते. उदाहरणार्थ, अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो आणि त्यातील शुल्काचा भाग विद्यार्थ्याने महाविद्यालयाला द्यायचा असतो. गणपतीच्या किंवा शिमग्याच्या सुमारास अनपेक्षितपणे खात्यात पैसे दिसले आणि ते घरखर्चात गेले, तर पुढे गुणपत्रक आणि शाळा सोडल्याचा दाखला अडतो. खात्यात आलेली रक्कम कोणत्या घटकाची आहे, हे महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये पाहून मगच तिला हात लावावा.

खात्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण मंजूर झालेले पैसे अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण मी इथेच पाहिले. बँकेत आधार कार्डाची प्रत देणे म्हणजे आधार जोडणे नव्हे. शासकीय रक्कम खाते क्रमांकावर येत नाही, तर आधार क्रमांकावर येते, आणि त्या आधार क्रमांकापुढे राष्ट्रीय भुगतान निगमाच्या नोंदवहीत ज्या बँकेचे नाव शेवटी नोंदले गेले असेल त्या बँकेत जाते. आपल्याकडे मुलीचे खाते गावच्या बँकेत असते. दरम्यान मोबाईलचे नवे सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा दिला जातो, त्याच वेळी एखाद्या पेमेंट बँकेचे खाते उघडले जाते आणि आधारापुढील नोंद तिकडे सरकते. घरचे लोक गावच्या पासबुकात पैसे शोधत राहतात आणि रक्कम भलत्याच खात्यात पडलेली असते, किंवा ते खाते बंद असल्यामुळे परत गेलेली असते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधाराशी कोणती बँक जोडलेली आहे याची, स्थिती पाहता येते. तिथे कोणत्या बँकेचे नाव दिसते आणि स्थिती सक्रिय आहे की नाही, हे अर्ज भरण्याच्या दिवशीच पाहावे. नाव चुकीचे दिसल्यास हव्या त्या बँकेत सीडिंगचा अर्ज स्वतंत्रपणे द्यावा. त्याचबरोबर मुलीच्या आधाराला जोडलेला मोबाईल क्रमांक तिच्याच हातात असावा. तो वडिलांचा असला आणि वडील मुंबईला कामावर असले, तर सांकेतिक क्रमांक (ओटीपी) तिकडे जातो, इकडे पावसात रेंज गेलेली असते आणि अर्ज अर्धवट राहतो.

दाखल्यांच्या बाबतीत कोकणातील कुटुंबांच्या अडचणी थोड्या निराळ्या आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यात आई-वडिलांचे सर्व स्रोतांचे उत्पन्न धरले जाते. त्यामुळे यजमानांची मुंबईची वेतनचिठ्ठी आणि गावच्या जमिनीचे उत्पन्न दोन्ही तहसीलदारांपुढे यायला हवे. नॉन-क्रिमीलेअरचे, म्हणजे कुटुंब मागासवर्गातील प्रगत स्तरात मोडत नाही या दाखल्याचे, गणित वेगळे असते. इतर मागासवर्गाच्या मूळ निकषांत पालकांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या उत्पन्न चाचणीत धरले जात नाही. त्यामुळे एखाद्या कुटुंबाला नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र मिळते, प्रवेश राखीव जागेवर होतो आणि तरीही उत्पन्नाचा दाखला 8 लाखांच्या वर गेल्याने शुल्काचा लाभ मिळत नाही. ही विसंगती नाही. दोन दाखल्यांचे हेतूच वेगळे आहेत. म्हणून दोन्ही दाखले स्वतंत्रपणे काढावेत आणि एक आहे म्हणून दुसऱ्याची गरज नाही असे समजू नये.

जातीच्या दाखल्याची पडताळणी झाली नसल्यास ती आधी करून घ्यावी. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. कोकणातील अनेक कुटुंबांत आजोबा गिरणीत कामाला लागले म्हणून वडिलांचे शिक्षण मुंबईच्या पालिका शाळेत झालेले असते आणि त्या दाखल्यावर जातीची नोंद अपुरी असते. अशा वेळी आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या नावाचा, गावच्या जुन्या मराठी शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा सर्वांत उपयोगी पडतो. तो मे महिन्यात, शाळा बंद होण्यापूर्वी मुख्याध्यापकांना भेटून काढावा. जून-जुलैमध्ये सेतू कार्यालयात एवढी गर्दी असते की दाखल्यासाठी थांबणे म्हणजे फेरीची मुदत घालवणे होते.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी असलेल्या योजना लोकांना सर्वांत कमी माहीत असतात, आणि माझ्या मते राजापूर, लांजा, मंडणगड किंवा वैभववाडीसारख्या तालुक्यांतील मुलांचे शिक्षण टिकते की सुटते हे याच योजनांवर ठरते. शुल्क माफ झाले तरी दर महिन्याची खानावळ माफ होत नाही. शासकीय वसतिगृहात जागा मिळाल्यास तीच पहिली पसंती असावी, कारण तिथे राहणे आणि जेवण दोन्ही मिळते. तशी जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे, आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आधार योजनेत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 रुपये आणि तालुक्याच्या ठिकाणी 38,000 रुपये अशी रचना आहे. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते आणि प्रत्येक जिल्ह्यातील लाभार्थ्यांची संख्या मर्यादित असते. ताई, यजमानांचा पगार आणि आंब्याचे उत्पन्न मिळून अडीच लाखांच्या आत असेल, तर हा अर्ज चुकवू नका. वरील उदाहरणात उरलेल्या 70,000 रुपयांपैकी मोठा भाग यातूनच भागतो.

आपल्या शेजारी मराठा किंवा खुल्या प्रवर्गातील कुटुंब असल्यास त्यांच्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, जिचा लाभ अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मिळतो. इथे कोकणातील सामाईक सातबारा आडवा येतो. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असतात, एकूण क्षेत्र मोठे दिसते आणि दाखला देणारा अधिकारी संभ्रमात पडतो. अशा वेळी आठ-अ उतारा आणि वारसांचा हिस्सा दाखवणारे प्रतिज्ञापत्र सोबत नेल्यास अल्पभूधारकाचा दाखला मिळण्यास अडचण येत नाही.

गुणवत्तेवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांमध्ये केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती बारावीत मंडळाच्या वरच्या 20 टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत ती वर्षाला 12,000 रुपये देते आणि तिचा अर्ज महाडीबीटीवर नव्हे तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो. तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील जास्तीत जास्त दोन मुलींना ती मिळू शकते आणि रक्कम वर्षाला 50,000 रुपये असते. या दोन्हींतही नूतनीकरण दर वर्षी करावे लागते.

इथे निवड करावी लागते. प्रगती शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थिनीला केंद्र किंवा राज्य शासनाचे दुसरे आर्थिक साहाय्य घेता येत नाही. आपल्या मुलीच्या महाविद्यालयात शिक्षण शुल्क 90,000 रुपयांच्या आसपास असेल, तर राज्याची शुल्कमाफी अधिक लाभाची आहे आणि प्रगतीच्या मागे जाऊ नये. परंतु एखाद्या मुलीला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात किंवा रत्नागिरी, मालवण येथील शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेश मिळाला असेल, तर तिथे शिक्षण शुल्कच कमी असल्याने माफीची रक्कमही कमी असते आणि 50,000 रुपये हातात देणारी प्रगती शिष्यवृत्ती तिच्या खानावळीचा आणि पुस्तकांचा खर्च भागवू शकते. एकच योजना एका मैत्रिणीसाठी योग्य आणि दुसरीसाठी तोट्याची ठरते ती अशी. दोन्ही अर्ज भरून ठेवून जी आधी मंजूर होईल ती घ्यायची, हा मार्ग मात्र धरू नये. पुढे दोन्ही लाभ दिसल्यास वसुली निघते.

धाकटा मुलगा आठवीत आहे, त्याच्यासाठी याच वर्षी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. ती फक्त आठवीत देता येते, उत्पन्नमर्यादा साडेतीन लाखांची आहे, आणि निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. ही परीक्षा शासकीय, अनुदानित व स्थानिक संस्थांच्या शाळांतील मुलांसाठी असल्याने आपल्या गावच्या हायस्कूलमधील मुले पात्र असतात. याच परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या परंतु निवड न झालेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांना सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती वर्षाला 9,600 रुपये देते. आपल्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर कुणबी अशी नोंद असल्याने दोन्ही दरवाजे त्याला उघडे आहेत, म्हणून शाळेतून परीक्षेचा अर्ज गेला आहे की नाही ते मुख्याध्यापकांना आजच विचारावे.

नात्यातील कोणी चिरेखाणीवर, गवंडीकामावर किंवा सेंटरिंगच्या कामावर असल्यास त्यांनी बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी केलेली आहे का ते पाहावे. वर्षात 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र देऊन ही नोंदणी होते आणि नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला 20,000, अभियांत्रिकीसाठी 60,000 आणि वैद्यकीय पदवीसाठी 1,00,000 रुपये मिळू शकतात. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे, ज्यात मुलींना महिन्याला 3,000 आणि मुलांना 2,500 रुपये मिळतात. त्याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी.

शासनाचा पैसा येईपर्यंतचे महिने कसे काढायचे, याचे आपल्या भागातील जुने उत्तर म्हणजे गावाची मुंबईतील मंडळे आणि ज्ञातिसंस्था. त्यांच्याकडील रक्कम लहान असते, परंतु ती वेळेवर मिळते, आणि म्हणून तिचे मोल तिच्या आकड्याहून अधिक आहे. बहुतेक मंडळे गुणगौरव समारंभाच्या आधी अर्ज मागवतात. मुलीचे गुणपत्रक, प्रवेशाचे वाटपपत्र आणि महाविद्यालयाचे शुल्कपत्रक यजमानांकडे मुंबईला आत्ताच पाठवून ठेवावे. मंडळाकडे मदत मागण्यात कमीपणा मानू नये. ज्यांनी पूर्वी अशी मदत घेतली, त्यांच्याच वर्गणीतून ती आज दिली जाते.

काही न्यास शिष्यवृत्ती या नावाखाली परतफेडीची रक्कम देतात, म्हणजे ती बिनव्याजी किंवा अल्प व्याजाने दिलेली उसनवार असते आणि नोकरी लागल्यावर ती फेडायची असते. 1892 मध्ये स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची परदेशी उच्च शिक्षणासाठीची शिष्यवृत्ती हे कर्जरूप शिष्यवृत्तीचे सुप्रसिद्ध उदाहरण आहे. अशी रक्कम घेणे योग्यच आहे, फक्त ती फेडण्याच्या रकमांत धरावी, मिळालेल्या रकमांत नव्हे. मंजुरीपत्रात परतफेडीचे कलम आहे का, हे सही करण्यापूर्वी पाहावे.

आता बँकेच्या साहेबांच्या सल्ल्याकडे येतो. शैक्षणिक कर्ज वाईट नाही. पण शुल्क पूर्ण माफ होणाऱ्या मुलीसाठी शुल्काएवढे कर्ज काढणे मला मान्य नाही. कर्ज केवळ उरलेल्या भागासाठी, आणि तेही भत्ता, मंडळ, बचत यांतून जे भागत नाही तेवढ्यासाठीच असावे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत 4 लाख रुपयांपर्यंत तारण किंवा तिसऱ्या व्यक्तीचा जामीन मागितला जात नाही, स्वतःची रक्कम घालावी लागत नाही, आणि पालक सहकर्जदार असतात. कर्ज थकल्यास बँकेला हमी देणाऱ्या शासकीय पतहमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतचे कर्जही तारणाविना देता येते. म्हणून चार लाखांच्या आतील कर्जासाठी कोणी घराचे किंवा बागेचे कागद मागत असेल, तर त्या मागणीचे लेखी कारण मागावे.

परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते, आणि इथेच पुष्कळांचा गैरसमज होतो. हप्ता सुरू झाला नाही म्हणजे व्याज सुरू झाले नाही, असे नाही. समजा, मुलीने दर वर्षाच्या सुरुवातीला 50,000 रुपये याप्रमाणे चार वर्षांत 2 लाख रुपये उचलले आणि व्याजदर 10 टक्के आहे. सरळ व्याज धरले, तरी पहिल्या 50,000 रुपयांवर पाच वर्षांचे 25,000, दुसऱ्यावर चार वर्षांचे 20,000, तिसऱ्यावर 15,000 आणि चौथ्यावर 10,000 असे एकूण 70,000 रुपये व्याज पहिला हप्ता येण्यापूर्वीच चढलेले असते. त्यानंतर 2,70,000 रुपये दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे 3,570 रुपये येतो. शिक्षण चालू असतानाच दर महिन्याला व्याज भरत गेल्यास हा डोंगर उभा राहत नाही, आणि अनेक बँका असे व्याज भरणाऱ्यांना दरात 1 टक्का सवलतही देतात. सार्वजनिक क्षेत्रातील अनेक बँका मुलींसाठी व्याजदरात अर्धा टक्का सूट देतात. ती मंजुरीपत्रात लिहिलेली आहे की नाही हे तपासून घ्यावे.

उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असल्यास केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत अभ्यासक्रमाच्या आणि त्यानंतरच्या एका वर्षाच्या काळातील संपूर्ण व्याज शासन भरते. त्यासाठी अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असावा लागतो आणि महाविद्यालय नॅक मूल्यांकित किंवा अभ्यासक्रम एनबीए मान्यताप्राप्त असावा लागतो (नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्था आहेत), म्हणून प्रवेश निश्चित करण्यापूर्वी हे महाविद्यालयाला विचारावे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे. तीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत मिळते, परंतु दुसरी शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेणाऱ्यांना ती सवलत मिळत नाही. आपल्या मुलीचा विचार केला तर शुल्कमाफी सोडून या सवलतीमागे जाणे परवडणार नाही. राज्याच्या इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजनाही आहे. तिचे जिल्हा कार्यालय रत्नागिरीत आहे आणि बँकेत जाण्यापूर्वी तिथे एक चौकशी करावी, कारण अशा योजनांत अर्जाचा क्रम महत्त्वाचा असतो. दापोली, खेड, चिपळूण भागातील मुस्लिम कुटुंबांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ नाममात्र व्याजाने शैक्षणिक कर्ज देते, हेही इथे नोंदवतो.

कर्ज घ्यायचेच ठरले, तर बँकेकडून चार वर्षांच्या एकूण गरजेला मंजुरी घ्यावी, पण उचल वर्षाला आणि गरजेपुरतीच करावी. मंजूर झालेली परंतु न उचललेली रक्कम व्याज खात नाही, आणि एखाद्या वर्षी आधार योजनेचे पैसे आले नाहीत, तर धावपळ न करता ती वापरता येते. महाविद्यालयाचे शुल्क बँकेने थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरावे आणि वसतिगृहाची रक्कम पावती पाहून द्यावी, असे सांगावे. यजमानांनी जुन्या पद्धतीने आयकर भरणे निवडले असेल, तर या कर्जाच्या व्याजावर, व्याज भरणे सुरू झाल्यापासून 8 वर्षांपर्यंत वजावट मिळते. ही वजावट मुद्दलावर नाही आणि नव्या कर पद्धतीत ती मिळत नाही. आणि वर्षभराने शुल्कमाफीची किंवा भत्त्याची रक्कम मुलीच्या खात्यात येईल, तेव्हा तिच्यातला महाविद्यालयाचा वाटा आधी देऊन, उरलेला भाग त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरावा. मुदतीआधी भरलेल्या रकमेला शैक्षणिक कर्जात दंड लागत नाही आणि त्या रकमेवरचे व्याज भरल्या दिवसापासून थांबते.